चित्र आधी, उतारा नंतर

नववी-दहावीला मराठी शिकवणाऱ्यांसाठी लिहितेय. रसग्रहण म्हटलं की पोरं आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं असे तीन कप्पे पाडतात आणि गाईडमधलं भरून मोकळी होतात, कविता वाचलेलीच नसते. मी हल्ली उताऱ्याशेजारी चित्र ठेवते.

सुरुवातीला राजा रविवर्म्याची शकुंतला घ्या, काटा काढायच्या निमित्ताने मागे वळून बघणारी. त्याचा छापखाना १८९४ ला आपल्या घाटकोपरलाच सुरू झाला होता, हे मात्र शेवटी सांगा. प्रोजेक्टरच्या भरवशावर राहू नका, झेरॉक्सवाल्याकडून कलर प्रिंट काढा, चौघांत एक बास.

आता मेन मुद्दा, गोष्ट आधी सांगायची नाही. पहिल्या वर्षी मी दुष्यंत-शकुंतला सगळं रंगवून सांगितलं आणि मग चित्र दिलं, पोरांनी माझंच मला परत ऐकवलं. आता चित्राचं नावही सांगत नाही. पाच मिनिटं गप्प बघायचं आणि वहीत फक्त दिसतंय ते लिहायचं. 'ती प्रेमात आहे' असं कोणी लिहिलं की खोडायला लावते, प्रेम दिसत नाही, वळलेली मान दिसते. मग प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न, कशावरून? एरवी तोंड न उघडणारा मागच्या बाकावरचा एक जण प्रिंट नाकाला लावून म्हणाला, "बाई, हिचं पायाकडे लक्षच नाहीये." शेजारची लगेच, "मग काटा खोटाय!" झालं, पुढची दहा मिनिटं मला बोलूच दिलं नाही कोणी.

तेव्हा उतारा काढायचा. कालिदासाच्या शाकुंतलात पहिल्या अंकाच्या शेवटी ती दर्भ टोचल्याचं निमित्त करते, आणि दुसऱ्या अंकात दुष्यंत तेच विदूषकाला सांगतो, की चार पावलं गेली नि उगाच थांबली, न अडकलेलं वल्कल, म्हणजे झाडाच्या सालीचं वस्त्र, सोडवत बसली वगैरे. अनुवादातल्या ह्या दोनच जागा द्या, आख्खं नाटक नको. उताऱ्यात आहे पण चित्रात नाही ते निळ्या पेनाने, उलट असेल ते हिरव्या. वल्कल निळ्यात येतं, चित्रात सरळ कापड आहे. राजाही निळ्यात. मग विचारा, राजा कुठे उभा असेल, बोट ठेवून दाखवा. बोटं कागदाबाहेर बाकावर जातात, तिथे थोडं थांबा. मग पुढचा प्रश्न, दुसऱ्या अंकात हे सांगतंय कोण आणि त्याचा फायदा काय?

लिहायला दहाच ओळी द्या. प्रत्येक मताला एक जागा चित्रातली, एक उताऱ्यातली. शुद्धलेखनाचे मार्क त्या दिवशी कापू नका प्लीज.

हे जमलं की चित्रकार सुधीर पटवर्धनांनी रंगवलेली मुंबई-ठाण्याची माणसं आणि १९८२ च्या गिरणी संपाची बातमी अशी जोडी लावून बघा, ज्यांचे आजोबा गिरणीत होते ती पोरं बातमीतल्या चुकासुद्धा काढतात. आणि एक शनिवार जहांगीर आर्ट गॅलरीला न्या. एंट्री फ्री आहे, सीएसएमटीहून चालत जाता येतं. एका चित्रासमोर दहा मिनिटं, मोबाईल बॅगेत. दोघंतिघं सेल्फी काढणारच, त्यांना त्याच चित्रावर दहा ओळी.