लाइटच्या भरवशावर राहू नका: कोकणात उबुंटूचा कर्नल अपडेट करताना

गुहागर ते देवगड पट्ट्यात होमस्टेचं बुकिंग, गावचं वाचनालय किंवा आंब्याच्या पॅकिंग शेडमधलं बिलिंग उबुंटू या लिनक्स प्रणालीवर चालत असेल, तर कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, अपडेट करणं फसण्यामागे कर्नलचा दोष क्वचितच असतो. बहुतेक वेळा मध्येच लाइट गेलेली असते. म्हणून पॅकेजं, म्हणजे अपडेटच्या फाइली, उतरवणं (डाउनलोड) आणि बसवणं (इन्स्टॉल) ही दोन कामं वेगवेगळ्या वेळी करा, आणि मशीन रीस्टार्ट होईपर्यंत अपडेट झालं असं धरू नका. खाली टर्मिनलमध्ये द्यायच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप अर्थात रोमन लिपीत, लहान अक्षरांतच करायच्या.

‘आमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय?’ हा प्रश्न हमखास येतो. २०२२च्या मार्चमध्ये जाहीर झालेली ‘डर्टी पाइप’ ही त्रुटी बघा, क्रमांक सीव्हीई-२०२२-०८४७ (सीव्हीई म्हणजे सुरक्षा त्रुटींची जागतिक यादी). साध्या खात्यावरून लॉगिन केलेल्या माणसाला फक्त वाचायला दिलेल्या फाइलीतही लिहिता येत होतं, आणि तिथून पुढे रूटचे, म्हणजे मशीनच्या मालकाचे, सगळे अधिकार मिळत होते. वाचनालयातल्या ज्या मशीनवर दिवसभर पोरं बसतात, तिथे पासवर्ड कितीही कडक ठेवला तरी अशा त्रुटीपुढे त्याचा उपयोग नाही.

आधी ‘यूनेम -आर’ चालवा. ५.१५.०-९१-जेनेरिक अशा धाटणीचं उत्तर येईल, ते कागदावर टिपून ठेवा. इथे बरेच जण गोंधळतात. एखादी त्रुटी मूळ लिनक्समध्ये ५.१५.२५ला दुरुस्त झाली असं वाचतात आणि आपला ५.१५.० बघून घाबरतात. उबुंटू दुरुस्ती आपल्या जुन्याच आवृत्तीत आणून बसवतं. रेघेआधीचा आकडा तसाच राहतो आणि रेघेनंतरचा वाढत जातो. खात्री करायची तर उबुंटूच्या सुरक्षा पानावर सीव्हीई क्रमांक शोधून रेघेनंतरचा आकडा ताडून बघा.

रात्री नेट बरं असताना ‘सुडो ॲप्ट अपडेट’ आणि मग ‘सुडो ॲप्ट फुल-अपग्रेड --डाउनलोड-ओन्ली’ चालवा. यात काहीच बसत नाही, पॅकेजं फक्त डिस्कवर येतात. नेट तुटलं तर तीच आज्ञा पुन्हा द्या, अर्धवट फाइल जिथे थांबली तिथून पुढे उतरते. कर्नलसोबत लिनक्स-फर्मवेअरचं पॅकेज आलं तर आणखी काही शे एमबी लागतात, तेव्हा मोबाइलच्या डेटावर असाल तर आकडा बघूनच ‘वाय’ दाबा.

बसवण्याचं काम सकाळी, गिऱ्हाईक यायच्या आधी. लॉगिन असलेल्यांना बाहेर काढा, बुकिंगचा डेटा पेनड्राइव्हवर घ्या. डेस्कटॉप यूपीएसवर हवा, आणि तो यूपीएस लाइट गेल्यावर खरंच तग धरतो का हे आधी एकदा प्लग काढून बघितलेलं हवं. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला. मग ‘सुडो ॲप्ट फुल-अपग्रेड’. जुन्या हार्ड डिस्कवर ‘अपडेट-इनिट्रामएफएस’ या ओळीपाशी बराच वेळ हालचाल दिसत नाही. मशीन अडकलेलं नसतं. बटण दाबून बंद करू नका. ‘कुड नॉट गेट लॉक’ असं आलं तर मागे आपोआप अपडेट चालू आहे, ते संपू द्या. लॉकची फाइल उडवण्याचा सल्ला नेटवर जागोजागी मिळतो. तो ऐकून पॅकेजांचा डेटाबेस बिघडवून घेऊ नका.

चालू असलेला कर्नल मेमरीत असतो, नवा नुसता डिस्कवर जाऊन बसलेला असतो. रीस्टार्ट करा, पुन्हा ‘यूनेम -आर’ बघा. कागदावरचाच आकडा आला तर पॅच लागू झालेला नाही.

बसवताना लाइट गेलीच, तर पुढच्या वेळी काळ्या पडद्यावर ‘अनएबल टू माउंट रूट एफएस’ अशी ओळ दिसू शकते. नव्या कर्नलची इनिट्रडी, म्हणजे सुरू होताना डिस्क शोधायला लागणारी फाइल, तयारच झालेली नसते, म्हणून त्याला डिस्क सापडत नाही. डेटा जागेवर असतो, फॉरमॅट मारायला धावू नका. मशीन सुरू होताना एस्केप, जुन्या बायोसवर शिफ्ट, दाबून ग्रबचा, म्हणजे कर्नल निवडायचा, मेनू आणा, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल निवडा. आत गेल्यावर ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, मग ‘सुडो ॲप्ट -एफ इन्स्टॉल’, शेवटी ‘सुडो अपडेट-ग्रब’. आधीचा कर्नल कधीही हाताने काढू नये, तो यासाठीच.

दुसरी नेहमीची रड म्हणजे यूएसबी वाय-फाय डोंगल. नवा कर्नल आला की डोंगल गायब, कारण बाहेरून टाकलेला ड्रायव्हर प्रत्येक कर्नलसाठी नव्याने तयार व्हावा लागतो. फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, ‘लिनक्स-हेडर्स-जेनेरिक’ बसवा, मग ‘डीकेएमएस स्टेटस’मध्ये (डीकेएमएस हे नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर आपोआप तयार करणारं साधन) ड्रायव्हर नव्या आकड्यासमोर दिसतो का बघा. कुणी तो डीकेएमएसशिवाय नुसता ‘मेक इन्स्टॉल’ने टाकला असेल तर दर अपडेटला हेच रामायण.

डिस्कला एन्क्रिप्शनचं कुलूप लावून बसवलेल्या मशीनवर बूटचं विभाजन (पार्टिशन), जिथे कर्नल राहतात, वेगळं आणि लहान असतं. ‘डीएफ -एच /बूट’ने जागा बघा, भरत आली असेल तर ‘सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज’ जुने कर्नल काढतं आणि चालू असलेला शाबूत ठेवतं. बूट भरलं की इनिट्रडी अर्धवट लिहिली जाते, आणि लाइट न जाताही वरचाच काळा पडदा समोर येतो.

‘आमचं आपोआप होतं’ म्हणणाऱ्यांनी एक तपासावं. अँड्रॉइड फोनच्या हॉटस्पॉटला उबुंटू मोजणीचं (मीटर्ड), म्हणजे डेटा जपून वापरायचं, नेट समजतं आणि अशा नेटवर आपोआप अपडेट मुकाट्याने टाळतं. लॅपटॉप बॅटरीवर असेल तरीही तसंच. जिथे ब्रॉडबँड नाही आणि सगळं फोनवरच चालतं, अशा ठिकाणी महिनोन्‌महिने एकही पॅच लागत नाही आणि पडद्यावर तक्रारही येत नाही. तिथे आठवड्याचा एक वार ठरवून वरच्या अपडेटच्या आज्ञा हातानेच द्या. आणि मशीनवर उबुंटूची २०.०४ ही आवृत्ती असेल तर नुसत्या अपडेटने भागणार नाही: तिचा नेहमीचा आधार मे २०२५मध्ये संपला. एक तर २२.०४वर जा, नाहीतर उबुंटू प्रो ही वाढीव आधाराची सेवा जोडा. वैयक्तिक वापरात पाच मशीनपर्यंत त्याचे पैसे पडत नाहीत.