स्टेन निवडताना आधी प्रश्न ठरवा

मायक्रोस्कोपखाली ऊतीची स्लाइड नीट दिसत नाही म्हणून लगेच स्पेशल स्टेनची (एखादीच ठरावीक गोष्ट रंगवणाऱ्या रंगाची) बाटली उघडू नका, आधी एच अँड ई (हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन, नेहमीचा स्टेन) नीट बघा, कारण बऱ्याचदा घोळ स्टेनचा नसतोच, सेक्शन (ऊतीचा पातळ काप) जाड असतो नाहीतर ब्लूइंग (हिमॅटॉक्सिलिनला निळं करण्याची पायरी) कमी झालेलं असतं आणि न्यूक्लियस लालसर राहतात. मग स्वतःला विचारा, मला नेमकं काय शोधायचंय? लिव्हरमध्ये तपकिरी दाणे दिसले तर ते लोह आहे की लिपोफ्युसिन (वयानुसार पेशींत साचणारं रंगद्रव्य) हे एच अँड ईवर डोळे फोडून पण खात्रीने सांगता येत नाही, पर्ल्स (लोहाचा स्टेन) करा, लोह असेल तर चक्क निळं येतं. फायब्रोसिस (तंतुमय ऊती वाढणं) बघायचाय तर मॅसन ट्रायक्रोम, बुरशी किंवा ग्लायकोजेनला पीएएस (पिरिऑडिक अ‍ॅसिड-शिफ).

अमायलॉइडसाठी (ऊतीत साचणारं असामान्य प्रथिन) काँगो रेड लावताना मात्र नेहमीचा ३-४ मायक्रॉनचा सेक्शन घेऊ नका, ८-१० चा घ्या, नाहीतर पोलराइज्ड लाइटखाली हिरवी झाक नीट दिसत नाही. आणि फॅट बघायची असेल तर पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेली ऊती) विसरा, झायलीन या सॉल्व्हंटमध्ये ती केव्हाच धुवून गेलेली असते, तिथे फ्रोझन सेक्शन (ऊती गोठवून घेतलेला काप) आणि ऑइल रेड ओ हा फॅटचा स्टेन.

कंट्रोल स्लाइड (शोधायची गोष्ट जिच्यात नक्की आहे अशी) प्रत्येक बॅचला, कंटाळा आला तरी.