घोडा दुसऱ्याकडे सांभाळायला देताना

घोडा काही महिन्यांसाठी दुसऱ्याकडे द्यायचा असेल, तर माणूस कितीही ओळखीचा असला तरी करार लेखीच करा. चंदी (म्हणजे घोड्याचा दाणा-खुराक), नालबंद आणि औषधपाण्याचा खर्च कोणाचा, हे त्यात हवंच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे रात्री पोटशूळ उठला आणि तुमचा फोन लागला नाही, तर शस्त्रक्रियेचा निर्णय कोण घेणार? हे आधी ठरलेलं नसेल, तर मोलाचे तास वादात जातात. घोडा विकायचा नाही, पुढे तिसऱ्याला द्यायचा नाही, हेही स्पष्ट लिहा. मालकीची मूळ कागदपत्रं मात्र स्वतःकडेच ठेवा.

नेण्याच्या दिवशी चारही बाजूंनी, खुरांचे आणि जुन्या जखमांचे तारखेसह फोटो काढा. सोबत सध्याची चंदी द्या. नवा खुराक आठ-दहा दिवसांत हळूहळू सुरू होऊ दे.

मग अधूनमधून न कळवता चक्कर मारा, तशी मुभा करारातच घ्या. घोडा रोडावला का, हे कळायला फासळ्यांवरून हात फिरवा, दुखतंय का, हे कळायला खोगिराखालची पाठ दाबून बघा. खूर 6 ते 8 आठवड्यांनी तासले जातात का, तेही विचारा. ‘आज नको, उद्या या’ हे दोनदा ऐकू आलं, की घोडा परत आणायच्या तयारीला लागा.