जोडीदाराला सांगायचं कसं, आणि कायदा नेमकं काय विचारतो

"मॅडम, नाही सांगितलं तर जेल होते का?"

खुर्चीत टेकायच्या आधीच हा प्रश्न. टेम्पो चालवणारा पोरगा, खिशात दुमडलेला बायोडाटा, तुळशीच्या लग्नानंतरची तारीख धरलेली, आणि हातात एचआयव्हीचा पॉझिटिव्ह रिपोर्ट. सोलापूर जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात आयसीटीसीची, म्हणजे एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन केंद्राची समुपदेशक म्हणून मला चौदा वर्षं झाली. हा प्रश्न सारखा येतो, म्हणून त्याला जे सांगितलं ते इथे लिहून काढते.

आधी रोग कोणता ते बघा. गरमी (सिफिलिस), परमा (गोनोरिया) असले संबंधातून होणारे रोग औषधाने पूर्ण बरे होतात. सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे सरकारी गुप्तरोग दवाखान्यात, त्यांची औषधं रंगीत पाकिटांत फुकट मिळतात. लघवीच्या जागेतून पू येत असेल तर करडं पाकीट, आणि तेच जोडीदारालाही. इथे सांगण्यात फार तत्त्वज्ञान नाही: "मला इन्फेक्शन झालंय, तुलाही औषध घ्यावं लागेल, उद्या माझ्याबरोबर चल." दोघांचा कोर्स झाल्यावर निदान सात दिवस संबंध बंद. एकानेच औषध घेतलं तर तोच रोग दुसऱ्याकडून परत घरी येतो. गरमी असेल तर रक्ताची तपासणी पुढेही करायची असते, ती चुकवू नका.

आता कायदा. भारतीय न्याय संहितेचं कलम २७१ म्हणजे जिवाला धोका असलेला रोग निष्काळजीपणे पसरवणं, सहा महिन्यांपर्यंत कैद. कलम २७२ म्हणजे तेच दुष्ट हेतूने करणं, दोन वर्षांपर्यंत. ही जुन्या दंडविधानातली २६९ आणि २७०, नंबर तेवढे बदलले. १८८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे रखमा नावाच्या वेश्येचा खटला आला होता. तिच्याकडून गिऱ्हाइकाला गरमी झाली म्हणून २६९ लावलेलं. कोर्टाने ते कलम तिला लागू होत नाही असं ठरवलं. बाईला गरमी कुठल्या गिऱ्हाइकाकडून झाली, हे तेव्हाही कुणी शोधलं नसणार.

एचआयव्हीसाठी मात्र वेगळा कायदा आहे, २०१७ चा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. त्याचं कलम १० मी टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. लागण पुढे जाऊ नये म्हणून वाजवी काळजी घ्या, असं ते सांगतं. त्या काळजीत धोका कमी करणारे उपाय येतात किंवा संबंधाआधी स्वतःची स्थिती सांगणं येतं. त्या 'किंवा'वर मी बोट ठेवून दाखवते. कंडोम, रोजची एआरटी (एचआयव्हीची औषधं), व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूंचं प्रमाण) दबलेला, ही काळजीच आहे. म्हणून एआरटीचं हिरवं-पिवळं जे काही कार्ड मिळालं असेल ते आणि व्हायरल लोडचे रिपोर्ट जपून ठेवा. उद्या कुणी बोट दाखवलं तर तुमच्या बाजूने बोलणारे हेच कागद.

पण लग्नात हा 'किंवा' फारसा कामाला येत नाही, हे त्या पोराला मी स्पष्ट सांगितलं. महत्त्वाची गोष्ट लपवून संमती घेतली तर हिंदू विवाह कायद्याने लग्न रद्द करून मागता येतं, फसवणूक कळल्यापासून वर्षाच्या आत. खोटं सांगून होकार मिळवला तर फसवणुकीची फिर्यादही होऊ शकते. एचआयव्ही असलेल्याने लग्न करूच नये, असं काही नाही. समोरच्याला माहीत असून तो तयार असेल, तर करावं.

सांगताना फोन नको, व्हॉट्सॲप तर मुळीच नको. फिरवलेला मेसेज परत येत नाही. आई, मामा, मध्यस्थ यांच्यामार्फतही नको. मुलीला एकटीला सांगा. दिवसा, घाई नसलेल्या वेळी. आमच्याकडे घेऊन आलात तर मी शेजारी बसते. पहिलं वाक्य आधी पाठ करा, कारण त्या क्षणी तोंड कोरडं पडतं: "माझ्या रक्तात एचआयव्ही आहे. औषध चालू आहे. तू नाही म्हणालीस तरी चालेल." कुणाकडून झालं याची कहाणी त्या दिवशी लावू नका. विचारलं तर खरं सांगा, नाहीतर गप्प राहा.

तुम्ही सांगितलंच नाही तर आम्ही सांगू का? कलम ९ प्रमाणे डॉक्टर किंवा समुपदेशक सांगू शकतात, पण जोडीदाराला खरा धोका असेल, तुम्हाला समजावून झालं असेल, तुम्ही सांगणार नाही याची खात्री पटली असेल आणि "आता मी सांगणार" असं तुम्हाला आधी कळवलं असेल, तेव्हाच. तेही समोरासमोर. सासू, सरपंच, मालक यांना कधीच नाही.

बायकांसाठी वेगळं. सांगितल्यावर मार खावा लागेल, घराबाहेर काढतील अशी भीती असेल, तर कायदाच सूट देतो. अशा ताईंनी आधी १०९७ या एड्स हेल्पलाइनवर किंवा आमच्याकडे बोलावं, नवऱ्याशी नंतर. पोलिसांचं प्रकरण झालं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बायकांना तिथे उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. नंबर १५१००.

तो पोरगा मुलीला घेऊन आला. बाकावर दोघं हातभर अंतर ठेवून बसले. तिने सगळं ऐकलं, मला एकच विचारलं, "डबा धुताना होतं का?" नाही म्हटलं. तिने नकार दिला, पण गावात तोंड उघडलं नाही. एप्रिलमध्ये तो पॉझिटिव्ह मुलामुलींच्या वधू-वर मेळाव्याचा फॉर्म घेऊन आला. सीडी४, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, जुना लिहू की नवा, तेवढंच त्याला विचारायचं होतं.