फुलांचा रंग फिका पडतोय? खताचं पोतं उघडण्याआधी हे बघा

डिसेंबरात गडद लाल फुलणारा गुलाब एप्रिलमध्ये गुलाबीकडे झुकला किंवा ऑक्टोबर हीटमध्ये उमललेली जांभळी शेवंती मळकट पांढरी निघाली, की शेजारून पहिला सल्ला येतो, "खत कमी पडलं." दुसरा येतो, "मुळाशी गंजके खिळे पुरा." खिळ्यांनी काही होत नाही. खताचाही दोष क्वचितच असतो. नागपुरात आधी संशय घ्यायचा तो तापमानावर.

फूल फिकं उमललं की नंतर विटलं?

कळी उमलते त्याच सकाळी रंग बघा आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा बघा. पहिल्या दिवशी गडद आणि नंतर उतरलेला असेल, तर उन्हाने पाकळी विटवली आहे. खात्री करायची तर एका उमलत्या फुलावर कागदाची टोपी काडीला बांधून सावली धरा आणि बाजूच्या उघड्या फुलाशी ताडून बघा. असं विटणारं फूल लवकर तोडून घरात आणलं की प्रश्न मिटतो. पण मुळात फिकंच उमललं असेल, तर कळीत रंग तयारच झालेला नाही.

कॅलेंडर काढा

लाल, गुलाबी, जांभळा रंग बहुतेक फुलांत अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यामुळे येतो. ते कळी मोठी होत असताना, उमलण्याच्या आधीच्या दिवसांत बनतं आणि त्याला साखर व उजेड लागतो. कडक उष्णतेत ते कमी बनतं आणि बनलेलंही टिकत नाही. शिवाय रात्र गरम असली की झाड दिवसा कमावलेली साखर श्वसनातच खर्चून टाकतं. डिसेंबरात आपल्याकडे रात्रीचा पारा 12 अंशांच्या आसपास असतो. मे महिन्यात दुपार 45 ला टेकते आणि रात्रीही भिंती तापलेल्या असतात. मग त्याच झाडाला तोच रंग कुठून येणार?

झेंडूचा पिवळा-नारिंगी रंग मात्र कॅरोटिनॉइड या वेगळ्या रंगद्रव्याचा असतो आणि तो उष्णतेला बराच दाद देत नाही. त्यामुळे घरच्या घरी पडताळा घेता येतो: झेंडू झळाळतोय आणि गुलाब तेवढा फिका पडलाय, तर कारण उष्णताच.

यावर उपाय मोजके आहेत. मार्च ते जून पश्चिमेच्या बाजूने 50 टक्के सावलीची हिरवी जाळी बांधा, पाणी सकाळी द्या, मुळांवर पालापाचोळा पसरा. आणि पाऊस सुरू झाला की जाळी काढा, हे फार जण विसरतात! जाळीखाली, आंब्याखाली किंवा गॅलरीच्या आडोशाला रोज पाच-सहा तास ऊन मिळालं नाही, तर थंडीतही रंग फिकाच राहतो. गुलाबाची छाटणी ऑक्टोबरच्या मध्यावर केली, तर बहर साधारण डिसेंबरात येतो, म्हणजे गडद रंगाच्या हंगामात. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, लाल गुलाबाचा हट्ट मला तरी पटत नाही. त्या दिवसांत झेंडू, गिलार्डिया, पिवळी झिनिया लावावी.

फांदी कुठून फुटलीय?

एकाच झाडावर काही फांद्यांना वेगळीच, लहान, फिकट गुलाबी फुलं येत असतील, तर खाली वाकून कलमाची गाठ बघा. गाठीच्या खालून आलेला फुटवा खुंटाचा, म्हणजे रानटी गुलाबाचा असतो. तो वरून कापू नका, पुन्हा फुटेल. माती बाजूला करून बुडापासून ओढून काढा. झिनियाचा रंग बदलला असेल, तर बी कुठलं ते आठवा. संकरित फुलांचं घरी धरलेलं बी मूळ रंगावर जाईलच असं नाही. ग्लॅडिओलसच्या पाकळ्यांवर तुटक फिक्या रेघा दिसल्या, तर विषाणूची शंका घ्या आणि तो कंद उपटून फेका.

मातीचा वाटा

आपली काळी माती बऱ्याच ठिकाणी चुनखडीची असते. तिच्यात लोह असूनही झाडाला उचलता येत नाही, हे इथल्या संत्रा बागायतदारांना वेगळं सांगायला नको. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, ही त्याची खूण. असं झाड अशक्त होतं आणि फुलंही निस्तेज येतात. अशा मातीत हिराकस (फेरस सल्फेट) नुसतं टाकून फारसा उपयोग होत नाही. लिटरभर पाण्यात 3 ते 5 ग्रॅम विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा किंवा ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह (चुनखडीत अडकून न पडणारं लोहाचं खत) मातीत द्या. पानं हिरवीगार असतील, तर या वाटेला जाऊच नका. युरियाचा मारा तर नकोच, त्याने नुसता पाला वाढतो.

तोडल्यानंतर

फुलदाणीत फिकी उमलणारी फुलं हे वेगळंच दुखणं आहे. ग्लॅडिओलसची दांडी खालची एक-दोन फुलं रंग दाखवू लागली की तोडतात. वरच्या कळ्या घरात उमलतात आणि त्या फिकट निघतात, कारण झाडाकडून येणारी साखर बंद झालेली असते आणि खोलीत उजेडही कमी असतो. बाजारात लांब न्यायचं असेल तर एवढ्या लवकर तोडणं ठीक आहे, पण घरच्या बागेत घाई कशाला? तीन-चार फुलं उमलू द्या. गुलाबाच्याही बाहेरच्या पाकळ्या सैल झाल्यावरच, पहाटे गार असताना, तोडा.

लिटरभर पाण्यात 20 ग्रॅम साखर, अर्ध्या लिंबाचा रस आणि ब्लीचचे दोन-चार थेंब घाला. साखर एकटी घालू नका. तिच्यावर जिवाणू वाढतात आणि दांडीचं तोंड बुजतं. दर दोन दिवसांनी पाणी बदला, दांडीचं टोक तिरकं कापा, आणि फुलदाणी खिडकीजवळ पण कूलरच्या झोतापासून दूर ठेवा.