नवा राउटर लावण्याआधी: घरच्या नेटवर्कची तयारी

नवा राउटर खोक्यातच राहू द्या. आधी जुन्या राउटरमध्ये लॉगिन करून वॅनचं (म्हणजे बाहेरून येणाऱ्या इंटरनेट लाइनच्या सेटिंगचं) पान उघडा आणि तिथे जे जे भरलेलं दिसेल ते कागदावर उतरवा. मागच्या वेळी राउटर बदलताना नेमकं हेच राहिलं होतं, म्हणून यादीत ते सगळ्यात वर आहे. कनेक्शन पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने लागणारं) आहे, डायनॅमिक (आयपी पत्ता आपोआप मिळणारं) आहे की स्टॅटिक (पत्ता कायमचा ठरलेला)? पीपीपीओई असेल तर युजरनेम आणि पासवर्ड हवा. स्टॅटिक असेल तर आयपी, सबनेट मास्क, गेटवे आणि दोन्ही डीएनएस. व्हीलॅन आयडीच्या (कंपनीने लाइनला दिलेल्या क्रमांकाच्या) चौकटीत आकडा असेल तर तो, आणि वॅनचा मॅक ॲड्रेस (यंत्राची स्वतःची ओळखखूण). सगळं कागदावर. फोटो काढून क्लाउडवर ठेवलात तर नेट बंद पडल्यावर तो उघडणार कशाने?

पासवर्ड बहुतेक ठिकाणी ठिपक्यांच्या आड असतो. तो सेवा देणाऱ्या कंपनीकडून आत्ताच, नेट चालू असताना मागून घ्या. त्यांनी जुना सांगण्याऐवजी नवा करून दिला, तर तो आधी जुन्याच राउटरमध्ये भरा आणि नेट लागतंय याची खात्री करा. व्हीलॅनचा आकडा फालतू वाटतो, पण तो चुकला तर पलीकडून उत्तरच येत नाही, राउटर नुसता ‘कनेक्टिंग’ दाखवत बसतो. पासवर्ड चुकला तर निदान तसा एरर तरी येतो. मॅकची गरज अशासाठी, की काही कंपन्या लाइन एकाच मॅकला बांधून ठेवतात. मग नव्या राउटरमध्ये जुना मॅक क्लोन करावा (तसाच भरावा) लागतो. जुन्या राउटरच्या सेटिंगची बॅकअप फाइल घेऊन निर्धास्त होऊ नका. ती दुसऱ्या मॉडेलवर सहसा चढत नाही.

फायबरचा ओएनटी (फायबरमधला प्रकाश नेटच्या सिग्नलमध्ये बदलणारं यंत्र) आणि राउटर एकाच डब्यात असेल आणि तो ब्रिज मोडवर (राउटरचं काम बंद, लाइन नुसती पुढे देणं) टाकायचा असेल, तर पुन्हा तेच: मोड बदलताना जुनं वॅन प्रोफाइल पुसलं जाऊ शकतं. आधी कागद. ओएनटीच्या मागची फायबरची वायर शक्यतो काढूच नका. वाकवावी लागलीच तर मोठा वळसा द्या, काटकोनात दुमडू नका.

नव्या राउटरचं फर्मवेअरही (आतलं सॉफ्टवेअर) आधीच लॅपटॉपवर उतरवून ठेवा.

आता केबल. कॅट-६ (नेटवर्क केबलचा एक दर्जा) पुरते, पण तार निखळ तांब्याची हवी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्तात मिळते. टोकाची तार सुरीने खरवडली की आतून पांढरी निघते. ती वाकवताना तुटते, तिचा रोध जास्त असतो आणि पीओईवर (त्याच केबलमधून वीज देऊन) कॅमेरा किंवा ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारा डबा) चालवायचा तर तापते. इथे पैसे वाचवू नका, एकदा भिंतीत गेलेली केबल परत कोण काढणार? पूर्ण लांबी १०० मीटरच्या आत. विजेच्या वायरच्या पाइपातून केबल ओढू नका, वेगळा पाइप घ्या. जिथे एक केबल लागणार तिथे दोन टाका, पाइपात रिकामी दोरी सोडून ठेवा आणि दोन्ही टोकांना तोच क्रमांक लिहा.

क्रिम्पिंगला (टोकाला कनेक्टर दाबून बसवताना) दोन्ही टोकांना टी५६८बी हा तारांचा क्रम: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. जोडीचा पीळ टोकाशी १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका, आणि बाहेरचं आवरण कनेक्टरच्या पकडीखाली आलंच पाहिजे, नाहीतर सगळा ताण बारीक तारांवर येतो. हिरवीच्या जोडीच्या मधोमध निळीची जोडी बसते, घोळ होतो तो तिथेच. दोन्ही हिरव्या शेजारी लावल्या आणि दोन्ही टोकांना तीच चूक केली, तर साध्या टेस्टरचे आठही दिवे क्रमाने लागतात, पण जोड्या फुटलेल्या (एकत्र पिळलेल्या तारा वेगवेगळ्या कामाला लागलेल्या) असल्यामुळे वेग पडतो. म्हणून दिव्यांवर भागवू नका, लॅपटॉप जोडून लिंक स्पीड बघा. १००० एमबीपीएसऐवजी १०० दिसलं तर बहुधा एखादी तार लागलेली नाही. १०० ला दोन जोड्या चालतात, गिगाबिटला (म्हणजे १००० ला) चारही लागतात.

दुसरा राउटर वायफाय वाढवण्यासाठी वापरायचा असेल तर तो ॲक्सेस पॉइंट मोडवर. तशी सोय नसेल तर त्याचा डीएचसीपी (आयपी पत्ते वाटणारी सोय) बंद करा, पत्ता बदला (दोन्ही १९२.१६८.१.१ वर ठेवले की भांडतात) आणि केबल वॅनमध्ये नाही, लॅनच्या (घरच्या बाजूच्या) पोर्टमध्ये लावा. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनल १, ६ किंवा ११, रुंदी २० मेगाहर्ट्झ. बाकीचे चॅनल मोकळे दिसले तरी नकोत, ते दोन्ही बाजूंच्या चॅनलवरच्यांना त्रास देतात. वायफायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार जुनाच ठेवलात तर टीव्ही, कॅमेरे, प्लग आपोआप जोडले जातात. म्हणजे हे तिन्हीही त्याच कागदावर लिहायचे. कागद झालाय ना?

बदलाआधी वायरवर एकदा स्पीड टेस्ट घेऊन आकडा लिहा, नाहीतर नंतर तुलना कशाशी करणार?

प्रत्यक्ष बदलाच्या दिवशी फार काही नाही. जुना राउटर फक्त प्लगमधून काढा. रीसेट करू नका, आठवडाभर तरी नाही. कागदावर काही चुकलं असेल तर खरी नोंद त्याच्याच पोटात आहे. नवा लावा, आधी वायरवर नेट, मग वायफाय. ॲडमिनचा पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस (बटण दाबून वायफाय जोडायची सोय) बंद. प्रिंटर आणि कॅमेऱ्यांना आयपी राखून ठेवा, म्हणजे त्यांना कायम तोच पत्ता मिळेल. मिनी यूपीएस (वीज गेल्यावर राउटर चालू ठेवणारी बॅटरी) घेताना ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवा, ओएनटीही त्यावरच. आणि नव्या राउटरचं वॅनचं पान त्याच कागदाच्या मागच्या बाजूला उतरवा, आजच.