सरकारी वकिलाचा शेवटचा युक्तिवाद आणि मिसट्रायलची मागणी: बचावाच्या वकिलांनो, या चुका टाळा

अमेरिकेच्या फेडरल कोर्टात शेवटचा शब्द सरकारचा असतो. आधी सरकारी वकील बोलतो, मग बचावाचा, आणि उत्तर द्यायला पुन्हा सरकारी वकील उठतो. या दुसऱ्या फेरीत तो मर्यादा ओलांडून बोलला, तर बचावाच्या हाती हरकतीखेरीज काही उरत नाही. भारतात सेशन्स कोर्टाची सवय झालेल्या वकिलाला हे जड जातं; इथे ज्यूरीच नाही, त्यामुळे मिसट्रायल, म्हणजे गंभीर चुकीमुळे खटला निकालाआधीच रद्द करणं, मागायची वेळही येत नाही.

सर्वांत महागात पडतं ते गप्प बसणं. मध्येच उठलं तर ज्यूरीला आवडणार नाही, असं वाटून वकील थांबतात. मग अपिलात 'प्लेन एरर'ची, म्हणजे चूक उघड आणि गंभीर होती का याची, कडक कसोटी लागते. यंग खटल्यात (१९८५) सरकारी वकिलाने स्वतःचं मत मांडणं गैर ठरलं. पण हरकत घेतलेली नव्हती आणि सुप्रीम कोर्टाने ती चूक शिक्षा उलटवण्याइतकी मानली नाही.

नुसतं 'ऑब्जेक्शन' म्हणून बसू नका, कारण सांगा: आरोपीच्या मौनावर भाष्य (ग्रिफिन खटला, १९६५), पुराव्याबाहेरची गोष्ट, साक्षीदाराच्या खरेपणाची स्वतः दिलेली हमी, ज्यूरीला पीडिताच्या जागी स्वतःला कल्पायला सांगणं. 'बचावाने हे खोडलेलं नाही' एवढं वाक्य मात्र दर वेळी गैर नसतं. खोडू शकणारा माणूस एकटा आरोपीच असेल, तर मात्र लगेच उठा; तेव्हा ते त्याच्या मौनावरचं भाष्य ठरू शकतं.

हरकत मान्य झाली की बरेच जण समाधानाने खाली बसतात. काम तिथे संपत नाही. ते वाक्य विचारात घेऊ नका, अशी सूचना न्यायाधीशांनी ज्यूरीला द्यावी, हे मागा. दोन ओळींचा मसुदा तयार ठेवा. सूचना नाकारली किंवा अपुरी वाटली, तर साइडबारला, म्हणजे न्यायाधीशांच्या आसनाजवळ, जाऊन, ज्यूरीच्या कानाआड, मिसट्रायल मागा. सरकारी वकिलाचे नेमके शब्द पुन्हा म्हणा आणि कोर्ट रिपोर्टर ते टिपतोय ना, हे पाहा. निकालानंतर मागणी करून उपयोग नाही.

वाक्य घृणास्पद होतं म्हणून मिसट्रायल मिळेलच, असं धरू नका. डार्डन खटल्यात (१९८६) आरोपीला जनावर म्हटलं गेलं, तरी शिक्षा टिकली. पुरावा भक्कम होता, न्यायाधीशांनी ज्यूरीला सूचना दिल्या होत्या, शिवाय काही शेरे बचावाच्या भाषणाला उत्तर म्हणून आलेले होते. तेव्हा आपल्या भाषणात सरकारी वकिलावर व्यक्तिगत चिखलफेक करू नका. तिचा आधार घेऊनच तो पुढे मोकाट सुटतो.

आता फेरखटल्याचं. मिसट्रायल तुम्ही मागितलं आणि मिळालं, तर साधारणपणे खटला पुन्हा चालतो. सरकारी वकिलाने तुम्हाला ते मागायला मुद्दाम भाग पाडलं, असं सिद्ध झालं, तरच दुसऱ्यांदा खटल्याची बंदी लागते (ओरेगॉन वि. केनेडी, १९८२). निव्वळ निष्काळजीपणा पुरत नाही. म्हणून उठण्याआधी अशिलाशी बोला. साक्षीपुरावा तुमच्या बाजूने झुकला असेल, तर हीच ज्यूरी ठेवून फक्त सूचना घेणं अनेकदा शहाणपणाचं ठरतं. सहआरोपी असेल, तर त्याच्या वकिलाचं म्हणणंही न्यायाधीश आदेशाआधी ऐकतात; फेडरल फौजदारी प्रक्रियेचा नियम २६.३ तसं बंधनच घालतो.